अडीच मणाच्या आत

घेवरचंदजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते तागडीत बसलेले. थट्टा करत नाही. परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची अडत होती. शेतकऱ्यांचा माल तिथं उतरायचा, तोलला जायचा आणि विकला जायचा. आढ्याला साखळ्यांनी टांगलेला मोठा काटा होता. एका पारड्यात मणामणाची वजनं आणि दुसऱ्या पारड्यात, जिथं पोती चढायची तिथं, मांडी घालून बसलेले हे गृहस्थ. काळी टोपी, पांढरं धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि चेहऱ्यावर भाव असा की पूजेलाच बसलेत.

"मालक, हिलो मत," काटा धरणारे काशीमचाचा ओरडले. मग एकेक वजन मोजत गेले. पहिल्या मणाला 'एक' म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं, ही त्यांची जुनी रीत. "बरकत... दोन मण... और तीस शेर. पावणेतीन."

"परत पाहा."

"तीन बार देखा मालक. पावणेतीन."

घेवरचंदजी पारड्यातून उतरले. उतरताना एक हात पोटाखाली दाबून धरला होता. मी दारात उभा होतो. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला तीनेक वर्षं झाली असतील. शाळेत नव्यानं लागलो होतो आणि राहायला खोली शोधत होतो.

"कोण तुम्ही?"

"शाळेतला नवा ड्रिल मास्तर."

"ड्रिल म्हंजे?"

"कवायत, व्यायाम."

"नमुना दाखवा," ते म्हणाले.

मला वाटलं माझी फिरकी घेताहेत. पण चाचांनी खाली रिकामं पोतं अंथरलंसुद्धा. खोलीची गरज मला होती. भर पेढीवर, हमालांच्या देखत, मी पंचवीस जोर काढले. शेठ वाकून पाहत होते. झाल्यावर त्यांनी माझा दंड दोन बोटांनी दाबला आणि म्हणाले, "माल चांगला हाय. खोली घ्या. भाडं नको. मला असं करा."

'नमुना दाखवा' हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं, हे पुढं कळलं. कीर्तनकार आला तरी नमुना, गवंडी आला तरी नमुना. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाच्या बापाला म्हणाले, "मुलगा हुशार म्हणता. बराबर. नमुना दाखवा." आणि त्या पोराकडून तिथल्या तिथं अडीचकीचा पाढा म्हणवून घेतला. पोरगं साडेबाराला अडलं. लग्न झालं, पण जावयाला ते कायम 'साडेबारा' म्हणत.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांना अंतर्गळ होता. जांघेतून आतडं खाली उतरायचं, ते कातडी पट्ट्यानं आवळून ठेवलेलं. थोरल्या भावालाही हेच होतं. ते एक दिवस अडकलं. रेल्वेला अवकाश होता म्हणून बैलगाडीत घालून जालन्याला न्यायला काढलं, तर वाटेतच गेले. वय सत्तेचाळीस. आमची गाठ पडली तेव्हा घेवरचंदजींना सेहेचाळिसावं चालू होतं. औरंगाबादच्या सर्जननं तपासून सांगितलं होतं, की एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत आणि क्लोरोफॉर्म झेपणार नाही. अडीच मणाच्या आत या, मग कापतो.

"तीन मण पाच शेर होतो," ते म्हणाले. "तूप बंद, मिठाई बंद, भात बंद. पंधरा शेर उतरलो. जल्दी उतरलो. आणि आता दोन महिने झाले, पावणेतीनवर बसलोय. एक शेर खाली न्हाई, एक शेर वर न्हाई. मास्तर, मला दहा शेर काढून द्या."

चाळीस शेरांचा मण. दहा शेर म्हणजे काय, अडीच पायल्या धान्याइतकं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "दोन महिन्यांत काढतो." चोविसाव्या वर्षी माणूस काहीही बोलतो.

पट्टा बांधलेल्या माणसाला जोर-बैठका चालणार नव्हत्या, एवढी अक्कल मला होती. मी त्यांना चालायला लावलं. पहाट फटफटली की घर ते स्टेशन आणि परत. आल्यावर हात वर-खाली, खांदे गोल, श्वास. ते एक दिवसही चुकले नाहीत. थंडीत नाही, चिखलात नाही. शाळेतली पोरं माझी शिट्टी ऐकून पळून जायची, आणि हा पावणेतीन मणाचा माणूस माझ्या आधी ओट्यावर येऊन उभा असायचा. मला त्यांचा मोठा आधार वाटायचा, खरं सांगतो.

चालायला मात्र वेळ लागे. स्टेशनरस्त्यानं मोंढ्याकडे गाड्या येत असत आणि प्रत्येक गाडीवाला हाक मारी. "शेठ, राम राम!" शेठ थांबत. गाडीच्या पोत्यात हात घालत, चार शेंगा फोडून तोंडात टाकत, आणि सांगत, "पांदीच्या रानातला माल. पाणी कमी पडलं." गाडीवाला तोंडात बोट घालायचा, कारण ते बिलकुल बराबर असायचं. पुढची गाडी तिळाची. चिमूटभर तीळ. "मागच्या सालचे मिसळले." पुढची गुळाची. खडा तोडून जिभेवर. "चुना जास्त झाला." त्या जिभेला सगळा मोंढा वचकून होता. भाव ठरताना दोन व्यापारी भांडले, तर घेवरचंदजींना बोलावून आणत आणि त्यांनी नुसतं चघळून मान हलवली की भांडण मिटे. मी शेजारी उभा राहून हे कौतुकानं पाहत असे. रोज. महिनोन् महिने.

घरी तर कडक कारभार. शेठाणी गुलाबबाई परक्या पुरुषासमोर येत नसत. दाराआडून बोलत, पण आवाज असा की माझी शिट्टी फिकी पडावी. दोन कोरडे फुलके, मुगाचं पातळ वरण, ताक. दिवस बुडायच्या आत जेवण, मग फक्त उकळलेलं पाणी. शेठनी कधी कुरकुर केली नाही. जेवण झालं की जैनाच्या रीतीनं ताट पाण्यानं धुऊन तेही पाणी पिऊन टाकत. अन्नाचा कण वाया घालवायचा नाही. हे मी त्यांच्या घरी पाहिलं आणि पुढं जन्मभर ताटात काही टाकताना मला लाज वाटत आली.

आणि वजन? दर शनिवारी चाचा म्हणत, "पावणेतीन." दोन महिने झाले, चार झाले. मी चालणं वाढवलं. रेल्वेच्या पुलापर्यंत नेलं. एकदा चाचांनी गंमत म्हणून मलाही पारड्यात बसवलं, तर मी सहा शेर उतरलेला. चालायचे ते, वाळायचो मी. मोंढ्यात त्यांना 'पावणेतीन शेठ' म्हणायला लागले. तोंडावर नाही, पण त्यांच्या कानावर जायचंच.

जो तो कारण सांगू लागला. वैद्य म्हणाले, वात आहे. कोणी म्हणालं, मारवाड्याची हाडंच जड. कोणी म्हणालं काटा झिजलाय. यावर काशीमचाचा असे भडकले, की भर मोंढ्यात चार व्यापाऱ्यांची वजनं आणून त्यांनी काटा पारखून दाखवला. "तीस बरस हुए इस काटे को. झूठ बोलता नही ये!" ते खरंच होतं. मग उरलं एकच कारण आणि तेही लोक बोलले. शेठाणी लपून तूप घालते म्हणे. नवरा कापून घ्यायला निघाला, बाईचा जीव घाबरला, म्हणून वजन उतरू देत नाही.

हे गुलाबबाईंच्या कानावर गेलं. एका सकाळी दाराआडून हाक आली.

"मास्तर, हिकडं या. माझ्या चुलीवर आळ आला."

"लोक बोलतात बाई. तुम्ही लक्ष—"

"लोकांचं मरू द्या. माझे जेठ, ह्यांचे थोरले भाऊ, गाडीत गेले ते मी पाहिलं. मला हे माणूस पाहिजे. घरात ते काय खातात ते मी जाणते. बाहेर ते काय खातात?"

"काहीच नाही," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. "मी सोबत असतो की. चहासुद्धा घेत नाहीत."

दार थोडं उघडलं आणि एक रिकामी कापडी थैली बाहेर आली. "आज बाजार हाय. शाळेला सुट्टी हाय. दिवसभर पेढीवर बसा. त्यांचा हात जितक्या वेळा तोंडाकडे जाईल, तितक्या वेळा त्याच पोत्यातलं तेवढंच ह्या थैलीत टाका. जास्त न्हाई, कमी न्हाई."

मला ते बायकी खूळ वाटलं. पण खोली फुकट होती. बसलो.

अर्ध्या तासात थैलीचा तळ झाकला. शेंगा. शेंगा. गूळ. तीळ. हरभऱ्याची डाळ. गूळ. पुन्हा शेंगा. माणूस भाव बोलतोय, हिशेब ऐकतोय, हमालाला रागावतोय, आणि हात आपला पोत्यातून तोंडात. त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. आणि मी! मी चार-पाच महिने शेजारून चाललो होतो, डोळे उघडे ठेवून, आणि 'काहीच खात नाहीत' असं सांगत होतो. मला स्वतःची अशी चीड आली, की एकदा थैलीत टाकायचा खडा मीच खाऊन टाकला.

"मास्तर, थैलीत काय भरून राह्यले?" त्यांनी दुपारी विचारलं.

"शाळेला नमुने पाहिजेत," मी थाप मारली.

"घ्या, घ्या. पोरांना माल कळला पाहिजे," ते म्हणाले, आणि मला चांगल्यापैकी तीळ दाखवून स्वतः चिमूटभर खाल्ले.

दिवस कलला तसे आम्ही घरी आलो. ते पाटावर बसले. समोर पितळी ताट आलं, रिकामं. गुलाबबाईंनी माझ्याकडून थैली घेतली, म्हणजे दाराआडून हात पुढं करून घेतली, आणि तेच ताट दाराआड ओढून, त्यात ती पालथी करून पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं. शेंगदाण्याचा ढीग, त्यात गुळाचे खडे, तीळ, डाळ. आधी चाचांकडून ते तोलून घेतलं होतं मी. अर्ध्या शेराच्या वर भरलं होतं.

"हे काय?" शेठ म्हणाले.

"हे तुमचं जेवण झालं आज. आता ह्याच्यावर फुलके वाढू का?"

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"हे खाणं न्हाई," ते हळू म्हणाले. "हे तर काम हाय."

"पोटाला कुठं कळतं काम?" आतून आवाज आला. त्यात राग नव्हता. रडू होतं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. सकाळी ते सगळं कबुतरांना गेलं, आणि शेठ जैन स्थानकात जाऊन साधुमहाराजांपुढं व्रत घेऊन आले. ऑपरेशन होईपर्यंत घरी ताटावर बसल्याशिवाय तोंडात अन्नाचा दाणा नाही.

लोकांना वाटेल, संपलं. मलाही वाटलं. पण त्या माणसाची रोजी त्या जिभेवर होती, हे मी विसरलो होतो. आता ते शेंगा कानाशी धरून हलवायचे, गूळ नखानं खरवडायचे, हुंगायचे. हात तोंडाकडे निघायचा आणि अर्ध्यात थांबायचा. थांबलेला तो हात बघवत नसे. दुसऱ्याच आठवड्यात एकानं खाऱ्या रानातल्या गुळाच्या साठ ढेपा त्यांच्या गळ्यात मारल्या. गुळाला रंग असा की सोनं. खारेपण डोळ्याला दिसत नाही, ते जिभेलाच कळतं. मोंढा हसला. कोणीतरी ओरडलं, "शेठ, जीभ घरी ठेवून आले का?"

त्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले. कधी येत नसत. खाटेवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, पोट वाचवू का पेढी?"

मला काय सुचावं! मी म्हणालो, "चावा आणि थुंकून टाका. गिळू नका, झालं."

तेवढा एकच राग मी त्यांचा पाहिला. उभेच राहिले. "थुंकू? दाण्यावर थुंकू? ज्याच्यावर माझ्या बापाचं घर उभं राह्यलं त्याच्यावर? त्यापेक्षा अडकून मेलेलं बरं, मास्तर!" आणि तरातरा निघून गेले. मी रात्रभर... नाही, झोपलो मी. पण सकाळी फिरायला येतील की नाही याची धास्ती होती. ते ओट्यावर उभे होते.

वाट त्यांनी स्वतःच काढली, आणि तीही ठरवून नव्हे. सखाराम पाटील म्हणून एक शेतकरी गूळ घेऊन आला होता. शेठनी खडा तोडला. सवयीनं हात उचलला. ओठांपर्यंत गेला. सगळी पेढी बघत होती. मग तो हात तसाच पुढं गेला आणि पाटलाच्या तोंडासमोर थांबला.

"घ्या पाटील. तुम्ही खा."

"मी? माझाच गूळ मी काय खाऊ?"

"खा की. गोड हाय ना?"

पाटलानं खाल्ला. शेठ त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. "आता ह्या ढेपेतला." पाटलानं खाल्ला. "आता त्या खालच्या." तिसरा खडा तोंडात गेला आणि पाटलाची दाढ थांबली. डोळे इकडं तिकडं झाले. गिळावं की न गिळावं, अशा बेतात राहिला तो.

"शेठ," पाटील म्हणाला, "ही ढेप आपली खालच्या रानाची हाय. जराशी खारी हाय. बाजूला काढा."

शेठनी मान हलवली. उरलेल्या गुळाचा पाटलाला पूर्ण भाव मिळाला.

तेव्हापासून पेढीवर हीच पद्धत पडली. माल ज्याचा त्यानं खायचा, शेठनी बघायचं. कोणी पटकन गिळून दाखवायचा, कोणी चघळत राहायचा, कोणी आधीच कबूल व्हायचा. चार महिन्यांत एकदाच चुकले म्हणतात, आणि तो माणूस पडसं झालेला निघाला. काशीमचाचा येईल त्याला सांगायचे, "अब हमारे मालक माल नही देखते, मुँह देखते." बाजाराला येणारे शेतकरी मात्र घरून न्याहारी न करता यायला लागले, अशी तक्रार पेढीचे मुनीमजी करत.

आणि फिरणं! रिकाम्या हाताचा माणूस गाडीपाशी कशाला थांबेल? राम राम घ्यायचा आणि पुढं. दोन तासांची वाट पाऊण तासात व्हायला लागली. त्यांचा श्वास लागायचा, कोट भिजायचा. ते खरं चालणं. इतके दिवस आम्ही नुसते मोंढ्याची पाहणी करत हिंडत होतो, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या शनिवारी चाचांनी काटा पाहिला, एक शेराचं वजन काढलं आणि पुन्हा पाहिलं. "दो मण उनतीस." पुढच्या आठवड्यात तेवढंच राहिलं. त्या रात्री शेठच्या घरातला दिवा लवकर मालवला. त्यानंतर मात्र उतरत गेलं. एक शेर, कधी अर्धा. पट्ट्याला मोच्याकडून नवी भोकं पडली. भावाचं सत्तेचाळिसावं त्यांनाही लागलं होतं आणि ते बोलत नसत, पण चालताना कधी कधी एकदम पाय उचलायचे, कोणी मागून येत असल्यासारखे.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका शनिवारी चाचांनी तीस शेरातली उरलेली वजनं उतरवून दोन मणांवर फक्त वीस शेर ठेवले. हात काढला. पारडं हललं, थोडं नाचलं, आणि शेठ बसले होते ते पारडं वर गेलं. जमिनीपासून चांगलं वीतभर. त्यात बसलेले घेवरचंदजी साखळी धरून खाली बघत राहिले. चाचा शांतपणे म्हणाले, "अढाई के अंदर," आणि मग बाजूला जाऊन शेल्यानं डोळे पुसले.

औरंगाबादला मी सोबत गेलो. सर्जननं तपासलं आणि दोन दिवसांनी कापलं. सकाळी आठला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. मी देवाला फारसा मानत नाही, पण त्या दोन तासांत काय काय कबूल केलं ते सांगत नाही. बाहेर आलेला डॉक्टर हात पुसत म्हणाला, "आतडं एका जागी चिकटायला लागलं होतं. पाऊस बघितला नसता त्यांनी." मी तारघरात गेलो आणि परतूरला तार केली. गुलाबबाई तीन दिवस निव्वळ पाण्यावर होत्या, ते मला नंतर कळलं.

माझी रजा संपत आली म्हणून मी आधी परतलो. तीन आठवड्यांनी शेठ आले. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली आणि नंतर आमची गाठ पडली नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर ते राहिलेत ते त्या दिवसाचे.

गाडी आली. अर्धा मोंढा फलाटावर होता. घेवरचंदजी डब्यातून स्वतः उतरले, कोणाचा हात न धरता. कोट अंगावर लोंबत होता. गुलाबबाई पदर पुढं ओढून बायकांत उभ्या होत्या. जिनं वर्षभर त्यांना कोरड्या फुलक्यावर ठेवलं, तीच बाई त्यांना बघून हुंदके देत म्हणाली, "काय हाल झाले हो! नुसती हाडं राह्यली!" सगळे हसले. शेठही हसले, टाक्यांवर हात धरून.

बाहेर टांगा तयार होता. शेठ चढेनात.

"डॉक्टरनी चालायला सांगितलंय," ते म्हणाले. "तुम्ही बसा. मी माझ्या पायानं घरी येतो."

खूप समजावलं. ऐकलं नाही. शेवटी बायका टांग्यात बसल्या आणि टांगा निघाला. मागं घेवरचंदजी. एक पाऊल, मग दुसरं, सावकाश. ऊन चढलं होतं. मी थोडं अंतर ठेवून चालत होतो. दोनशे पावलांवर टांगेवाल्यानं घोड्याला चुचकारलं तसा टांग्यातून गुलाबबाईंचा आवाज आला. पदर डोक्यावरून खांद्यावर पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. चारचौघांत नवऱ्याचा उल्लेख 'शेठजी'शिवाय कधी न करणारी ती बाई, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"हळू घे रे बाबा! माझा माणूस चालत येऊन राह्यला."